कोखेम: मोझेलकाठचं छोटं गाव, आजूबाजूचे किल्ले आणि एक नोटांचं भुयार

साखरभात

मागे युरोप सहलीच्या धाग्यावर मी कोखेमचं नाव टाकलं होतं तेव्हापासून व्यनि (व्यक्तिगत निरोप) येतायत, सगळ्यांना वेगवेगळं लिहीत बसण्यापेक्षा इथेच एकदाचं लिहून टाकते.

आम्ही फ्रँकफर्टजवळ राहतो. भारतातून कोणी आलं की ठरलेला कार्यक्रम असतो, हायडेलबर्गचा किल्ला, कोलोनचं कॅथेड्रल, र्‍हाइनवरची बोट आणि पाहुणे दमेपर्यंत शॉपिंग. या वेळी सासू-सासरे आले तेव्हा नवऱ्याने आधीच हात जोडले, म्हणाला कॅथेड्रलला आता तू आणि ते जा, मी बाहेर कॉफी पितो. मग नकाशा काढून बसलो आणि कोखेम ठरलं.

गावाची वस्ती जेमतेम पाच हजार, तरी जिल्ह्याचं ठिकाण. जर्मनीतल्या कोब्लेंझ आणि ट्रिअर शहरांच्या मधे, मोझेल नदीवर. दोन्ही बाजूंना उभे डोंगर, त्यावर द्राक्षाच्या रांगा, खाली नदीला चिकटून लाकडी पट्ट्यांची नि काळ्या पाटीच्या दगडाच्या छपरांची घरं आणि गावाच्या डोक्यावर किल्ला, म्हणजे राइश्सबुर्ग. नदीपासून शंभरेक मीटर उंचीवर आहे. गावातून चालत गेलं तर पंधरा-वीस मिनिटं लागतात, चढ चांगलाच दम काढतो, सीझनमध्ये छोटी बस असते आणि सासूबाई तिनेच आल्या. आत गाइडशिवाय सोडत नाहीत, टूर चाळीसेक मिनिटांची. जर्मन टूर मिळाली तर इंग्रजी कागद मागून घ्यायचा. मुख्य बुरुजावर बाहेरच्या बाजूने संत क्रिस्टोफरचं भलंमोठं मोझेक आहे, खांद्यावर बाळ येशूला घेऊन नदी पार करणारा तो, सासरे टूर सोडून त्याच्याकडेच बघत बसले होते.

गावात मार्केट चौक, त्यात १७३९ सालचं टाऊन हॉल, १३३२ सालची एंडर्ट वेस, हे सगळं अर्ध्या तासात होतं. पण गल्ल्यांमधून रमतगमत फिरा. नदीजवळच्या भिंतींवर पुराच्या रेघा कोरल्यात, प्रत्येक रेघेशेजारी साल. डिसेंबर १९९३ची रेघ बघून सासूबाईंनी दुकानदारिणीला खुणेनेच विचारलं की एवढं पाणी? तिने हात डोक्याच्या वर नेऊन दाखवला आणि मग आतल्या मालाकडे बोट दाखवून सगळं वरच्या मजल्यावर न्यायची ॲक्टिंग करून दाखवली. दोघींना एकमेकींचं एक अक्षर कळत नव्हतं, संवाद मात्र दहा मिनिटं चालला.

पलीकडच्या काठावर, म्हणजे पूल ओलांडून कोंड नावाच्या भागात, मोहरीची जुनी गिरणी आहे, दगडी जात्यावर थंड दळतात म्हणजे झणका उडून जात नाही. रीसलिंग वाइन घातलेली मोहरीची चटणीसुद्धा मिळते. आम्ही आणलेली बरणी थालीपिठाबरोबर संपली.

चेअरलिफ्टने पिनरक्रॉइत्स नावाच्या टोकावर जाता येतं, तिथून नदीचं वळण, गाव आणि किल्ला एका फ्रेममध्ये येतात. नंतर बोटीने बाइलश्टाइन. हे तर अजूनच चिमुकलं, वस्ती दीडशेच्या आत, बोटीला तासभर लागतो आणि वाटेत फांकेलचं लॉक लागतं. आपली बोट एका सिमेंटच्या हौदात शिरते, मागचं दार बंद होतं, पाणी भरत जातं आणि आपण शांतपणे वर वर जातो. सासऱ्यांनी आयुष्य पाटबंधारे खात्यात काढलंय, त्यांची सहल तिथेच वसूल झाली.

माझं एकच म्हणणं आहे, कोखेम एका दिवसात उरकू नका. सकाळी अकरा ते दुपारी चार बसगाड्या आणि क्रूझवाले असतात, तेव्हा चौकात पाय ठेवायला जागा नसते, आणि बहुतेक लोक नेमकं तेवढंच बघून जातात मग म्हणतात की टूरिस्टी आहे. संध्याकाळी ते सगळे गेले की गाव आपलं. निदान दोन रात्री राहा, एक दिवस गाव आणि बाइलश्टाइन, एक दिवस बुर्ग एल्ट्स हा जवळचा किल्ला.

एल्ट्सबद्दल खाली लिहीन, आता कुकर लावायचाय.

खिडकीची_सीट

मस्त लिहिलंयस. ट्रेनवाल्यांसाठी भर घालतो, कारण माझ्या मते ह्या सहलीत अर्धी मजा ट्रेनमध्ये आहे.

फ्रँकफर्टहून माइंझमार्गे कोब्लेंझला जाणारी रिजनल घ्यायची, आयसीई म्हणजे वेगवान गाडी नको, ती नव्या लाइनने गेली तर र्‍हाइन दिसतच नाही. माइंझनंतर नदी उजव्या हाताला. काउबला नदीच्या मधोमध जहाजासारखा टोलनाका-किल्ला, पुढे लोरेलायचा कडा. कोब्लेंझला बदलायचं, तिथून कोखेम साधारण चाळीस मिनिटं, आता नदी डाव्या हाताला. म्हणजे गाडी बदलली की बाजू पण बदला.

आणि कोखेमला उतरलात तरी एकदा त्याच गाडीने पुढे जाऊन या. स्टेशन सुटलं की लगेच बोगदा, कैसर विल्हेल्म टनेल, ४२०५ मीटर. नदी तिथे डोंगराला वीसेक किलोमीटरचा वळसा घालते आणि रेल्वे सरळ पोटातून जाते. १८७९ मध्ये ही लाइन सुरू झाली, नंतर शंभरेक वर्षं तो जर्मनीतला सगळ्यात लांब रेल्वे बोगदा होता. २०१४ मध्ये शेजारचा दुसरा बोगदा सुरू झाला. ही सगळी लाइन मुळात सैन्यासाठी, बर्लिन ते मेत्स. १८७०-७१ च्या फ्रान्सबरोबरच्या युद्धात मेत्स जर्मनांच्या हातात आलं होतं, तिथे तोफा नि माणसं पटकन पोचवायची म्हणून बांधली, लोक तिला तोफगाडी लाइनच म्हणायचे. प्रवासी कमी आणि खर्च अफाट असलं तरी चालेल असा हिशेब होता, म्हणूनच इतक्या छोट्या गावांना इतके दणदणीत पूल आणि बोगदे मिळाले.

पुढे बुलाईला डबलडेकर पूल, वरून रेल्वे खालून मोटारी, आणि त्यानंतर पुंडेरिशला डोंगराच्या कुशीला लावलेला कमानींचा लांबच लांब पूल. तिथे गाडी नदीच्या वर तरंगत असल्यासारखी वाटते. परत फिरायला अर्धा-पाऊण तास, पण करा.

आडवाटे

लेख छान पण एक गोष्ट कोणीतरी बोलायला हवी. राइश्सबुर्ग हा किल्ला नाहीच. १६८९ मध्ये फ्रेंचांनी सुरुंग लावून उडवला, मग पावणेदोनशे-एकशेऐंशी वर्षं नुसता ढिगारा. १८६८ मध्ये लुई रावेने नावाच्या बर्लिनच्या लोखंडाच्या व्यापाऱ्याने तो विकत घेतला, ३०० मार्कांत असं सांगतात, आणि आपल्या मनातला मध्ययुग तिथे बांधला. १८७७ ला पूर्ण. म्हणजे तुम्ही जे बघता ते एका शेठजीचं फार्महाऊस आहे, तलवारी नि चिलखतं लावून सजवलेलं. फोटोला भारी दिसतो मान्य, पण त्यासाठी तिकीट काढून आत जाण्यात अर्थ नाही. बाहेरून बघा, वाचलेला वेळ एल्ट्सला द्या. तो खरा आहे.

साखरभात

@आडवाटे, शेठजीचं फार्महाऊस :D :D सासऱ्यांना वाचून दाखवलं, त्यांनी मान डोलावली.

पण मला नाही पटत. दीडशे वर्षं झाली त्याला, आता ते पण जुनंच की. आणि १८७० च्या लोकांना मध्ययुग कसं असावंसं वाटायचं हे बघणं पण इतिहासच आहे ना.

आडवाटे

तसं मग गाइडने सांगावं. आमच्या गाइडने अर्धा वेळ सरदार-उमराव कसे जेवायचे ह्यात घालवला, त्या खोलीत एकही सरदार कधी जेवलेला नाही.

निळावंती

दोघांनी भांडू नका, मी कोब्लेंझची (म्हणजे दहा वर्षं इथे), मला दोन्ही आवडतात. पण ह्या भांडणाच्या मुळाशी जी गोष्ट आहे ती भन्नाट आहे.

१६८९ म्हणजे चौदाव्या लुईचं युद्ध. फ्रेंच सैन्य मागे हटताना र्‍हाइन-मोझेलच्या खोऱ्यातले किल्ले एकेक करून उडवत गेलं, म्हणजे शत्रूला वापरता येऊ नयेत. कोखेम गेलं. शेजारचं विनेबुर्ग गेलं. बाइलश्टाइनचा मेटर्निश किल्ला गेला, तो आजही तसाच पडका आहे. इतक्या किल्ल्यांमधून एल्ट्स कसा वाचला? तर एल्ट्स घराण्यातलाच एक जण, हान्स आन्टोन, फ्रेंच सैन्यात वरच्या हुद्द्यावर होता. त्याने यादीतून आपल्या घरचा किल्ला काढून घेतला. म्हणजे सरळ सरळ वशिला!

म्हणून @आडवाटे, एल्ट्स खरा आणि राइश्सबुर्ग खोटा असं नाही, एकाचा माणूस ऑफिसात होता आणि दुसऱ्याचा नव्हता.

आणि रावेनेबद्दल एक गॉसिप. किल्ल्याचं बांधकाम चालू असतानाच त्याची तरुण बायको एका बँकरसाठी त्याला सोडून गेली, अख्ख्या बर्लिनमध्ये चर्चा. त्यावर पुढे एका मोठ्या जर्मन लेखकाने कादंबरी बेतली. टूरमध्ये हे सांगितलं तर तिकिटाचे पैसे वसूल होतील.

वर्‍हाडी_पाव्हणा

काय सांगू राजेहो, वशिल्याची गोष्ट वाचून घरच्यासारखं वाटलं. मी नागपूरचा, डार्मश्टाटले शिकायले आहे. पैशे कमी, वेळ बराच. मले तीन गोष्टी सांगा. एक, स्वस्तात कसं जावं. दोन, मी व्हेज, तिकडे काय खाऊ. तीन, वाइनचं म्हणे फार कौतुक आहे तिकडे, ते काऊन?

खिडकीची_सीट

स्वस्तात: विद्यार्थी आहेस तर सेमिस्टर तिकिटातच जर्मनी तिकीट असेल, बघ आधी. नसेल तर २०२६ पासून महिन्याला ६३ युरो, सगळ्या रिजनल गाड्या, बस, ट्राम चालतात. फक्त ते सबस्क्रिप्शन आहे, एकाच महिन्यासाठी हवं असेल तर त्या महिन्याच्या १० तारखेपर्यंत रद्द करायचं, नाहीतर पुढचे पैसे कापले जातात. पाहुण्यांना घेऊन जाणाऱ्यांसाठी राइनलांड-फाल्झ तिकीट, पाच जणांपर्यंत एकत्र, दिवसभर, वर्किंग डेला सकाळी नऊनंतर. माइंझपासून ते चालतं, फ्रँकफर्टपासून नाही, मधला तुकडा वेगळा काढायचा.

साखरभात

व्हेज: घाबरू नकोस. बटाट्याची थालीपिठं म्हणता येतील अशी रायबेकूखन, सोबत सफरचंदाची चटणी. फ्लामकूखन, म्हणजे पातळ पिझ्झासारखा प्रकार, चीज-भाज्यांचा मिळतो, पण मेन्यूत स्पेक दिसलं तर डुकराचं मांस, आणि ते कुठेही असतं, बटाट्याच्या सॅलडमध्ये, सूपमध्ये, बीन्समध्ये. डेपेकूखन नावाचा बटाट्याचा भाजलेला प्रकार इथला खास, पण त्यातही बहुतेक वेळा असतंच. ऑर्डर देताना "ओने स्पेक" (स्पेकशिवाय) म्हणायचं आणि वेटर हो म्हणाला तरी पहिला घास तपासून घ्यायचा. एप्रिल ते जून पांढरा श्पार्गेल म्हणजे ॲस्परॅगस, उकडलेला, वर बटर सॉस, सासूबाईंना पडवळासारखा वाटला. रविवारी सुपरमार्केट बंद, शनिवारीच दही-ब्रेड घेऊन ठेवा.

निळावंती

वाइनचं मी सांगते. मोझेलच्या डोंगरांचा तो पाटीचा दगड दिवसभर तापतो आणि रात्री ती ऊब सोडतो. इतक्या उत्तरेला द्राक्षं पिकायची तर उन्हाचा प्रत्येक कवडसा लागतो, म्हणून दक्षिणेकडे तोंड केलेला जो उतार मिळेल त्यावर वेली. बाकी रीसलिंग हे द्राक्ष सावकाश पिकतं, आंबटपणा टिकून राहतो, तीच त्याची चव. उतार इतके की ट्रॅक्टर चढत नाही, सगळं हाताने, माल वर-खाली न्यायला एका रुळावरची छोटी गाडी असते. वाइन पीत नसाल तर मळ्यातल्या लाल पीचचा जॅम घ्या, आतून रक्तासारखा लाल, कच्चा खाल्ला तर तुरट पण जॅम अप्रतिम. मार्च-एप्रिलमध्ये त्या झाडांना गुलाबी फुलं येतात तेव्हा डोंगर उघडे आणि मधेच गुलाबी ठिपके.

ह्याच द्राक्षांवरून कोखेमकरांची एक गोष्ट सांगतात. एका बोकडाने मळ्यातली द्राक्षं खाल्ली का, हे ठरवायचं होतं. गावाने शहाणपणा करून बोकडाला द्राक्ष पिळायच्या चरकात घातलं. लाल रस आला. झालं, गुन्हा सिद्ध.

वर्‍हाडी_पाव्हणा

बापरे. असे पंच आमच्या गावातबी आहेत.

निवृत्त_कॅशियर

नमस्कार. मुलीकडे बॉनला असतो दर उन्हाळ्यात, कोखेमला जाणं झालं आहे. आपण सर्वांनी किल्ले आणि वाइन यावर लिहिलंत, पण शीर्षकात नोटांचं भुयार म्हणून ते राहूनच गेलं. बँकेत आयुष्य गेल्यामुळे मला त्यावरच लिहावंसं वाटतं.

कोंड भागात, मोहरीच्या गिरणीपासून फार लांब नाही, चांगल्या वस्तीत दोन साधी घरं आहेत. त्यांच्या खाली जर्मन मध्यवर्ती बँकेने १९६२ ते १९६४ या काळात बंकर बांधला. शेजाऱ्यांना त्याचा पत्ता नव्हता. वर बँकेच्या कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण केंद्र आहे असं दाखवलं जायचं. आत काय होतं, तर जवळजवळ १५ अब्ज मार्कांच्या नोटा, आणि त्या चालू नोटा नव्हेत, एक वेगळीच पर्यायी मालिका. शीतयुद्धाचा काळ. भीती अशी की पूर्वेकडून खोट्या मार्कांचा पूर आणून पश्चिम जर्मनीचं चलन बुडवतील. तसं झालं तर जुन्या नोटा एका फटक्यात रद्द करायच्या आणि ही मालिका बाहेर काढायची. नोटा कधीच चलनात आल्या नाहीत. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस त्या बाहेर काढून नष्ट केल्या.

आत लांब बोगदा, जाड दारं, लोखंडी गजांच्या मागे रिकामी तिजोरी, आणि गारठा, स्वेटर न्या. गाइडसोबतच जाता येतं. संग्रहालय म्हणून तो २०१६ मध्ये खुला झाला. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात आम्ही काउंटरच्या आतल्या बाजूला काय भोगलं ते इथल्या अनेकांना आठवत असेल. मी त्या तिजोरीसमोर उभा राहून विचार केला की ह्यांनी नोटा आधी छापून ठेवल्या होत्या. गाइडला हे सांगितलं तर तो हसला, मग गप्प झाला, मग म्हणाला, पण तुमच्याकडे लोक किती होते? तेही खरंच.

आणखी एक गंमत, ५०० मार्कांच्या एका जुन्या नोटेच्या मागे एल्ट्स किल्ल्याचं चित्र होतं.

खिडकीची_सीट

काका, कडक. हे मी चार वेळा कोखेम करून पाहिलेलं नाही.

मोकळा_वेळ

मला नेमका सल्ला हवाय. आई-बाबा सप्टेंबरमध्ये येतायत, आईचे गुडघे वाईट आहेत, बाबा धडधाकट. कार रेंट करू शकतो. फ्रँकफर्टहून सकाळी निघून कोखेम + एल्ट्स + बाइलश्टाइन + जमलं तर तिकडचा तो लटकता पूल, रात्री परत. होईल का?

आडवाटे

होईल. आई तुमच्याशी महिनाभर बोलणार नाहीत.

साखरभात

@मोकळा_वेळ, नको असं करूस. गुडघ्यांच्या हिशेबाने सांगते.

एल्ट्सला कारने गेलास तर पार्किंग वर आहे, तिथून किल्ला आठशे मीटर खाली दरीत. शटल बस आहे, ती घ्या, उतार फार तीव्र आहे आणि परत येताना तोच चढ. पण किल्ल्याच्या आत जिने आहेतच, अरुंद, आणि टूरमध्ये मधेच थांबता येत नाही. आईंना अंगणापर्यंत नेऊन तिथे बसवलं तरी चालेल, खरं सांगायचं तर एल्ट्सचं बाहेरचं दर्शनच निम्म्याहून जास्त आहे. बाइलश्टाइनला खाली नदीकाठी बसता येतं, वर चर्चला आणि किल्ल्याला पायऱ्या, बाबा जाऊन येतील. कोखेमला राइश्सबुर्गची बस.

लटकता पूल म्हणजे गायरलाय, ३६० मीटर लांब, दरीपासून शंभर मीटरपर्यंत उंच, २०१५ मध्ये झाला, तिकीट नाही. पण गावातल्या पार्किंगपासून बरंच चालावं लागतं आणि आईंसाठी तो नाहीच. तो सोड.

आडवाटे

आता सिरियसली. बाबा धडधाकट आहेत म्हणालात ना, तर त्यांना एल्ट्सला चालत न्या. मोझेलकेर्न स्टेशनवर उतरायचं, गाव पार करून एल्ट्सबाख ओढ्याच्या काठाने जंगलातून वर, तास-दीड तास, शेवटी थोड्या पायऱ्या. झाडी इतकी दाट की किल्ला शेवटपर्यंत दिसत नाही आणि मग एकदम समोर. तीन बाजूंनी ओढा, मधे खडक, खडकावर बुरुजांची आणि उतरत्या छपरांची नुसती गर्दी. ती गर्दी का, तर घराण्याच्या तीन शाखा एकाच किल्ल्यात राहायच्या, प्रत्येकाने आपलं आपलं घर वर वर चढवलं. भाऊबंदकी पण छप्पर एक. साडेआठशे वर्षांहून जास्त तो त्याच कुटुंबाकडे आहे.

आत फोटो काढू देत नाहीत, म्हणून एक गोष्ट डोळ्यांनी नीट बघा. मोठ्या दरबार-हॉलमध्ये वर विदूषकाचे मुखवटे कोरलेत आणि दाराच्या वर एक गुलाब. मुखवट्यांचा अर्थ, इथे आत वाट्टेल ते बोला. गुलाबाचा अर्थ, बोललेलं ह्या दाराबाहेर न्यायचं नाही. तीन शाखांनी एकत्र बसून भांडायचं म्हटल्यावर दोन्ही लागत असणार.

आणि बाहेर पडल्यावर समोरच्या टेकडीवर पडका बुरुज दिसतो, ट्रुट्स-एल्ट्स. ट्रिअरच्या बाल्डुइन नावाच्या आर्चबिशपने १३३० च्या दशकात एल्ट्सकरांना वठणीवर आणायला तो बांधला आणि तिथून मारा केला. बहुतेक लोक तिकडे जात नाहीत, फोटो मात्र तिथूनच सगळ्यात छान येतो. @निळावंती, वशिला फ्रेंचांपुढे चालला, बिशपपुढे नाही, शेवटी एल्ट्सवाल्यांनी हात टेकले.

ट्रेकर लोकांसाठी अजून एक: ब्रेम आणि एडिगर-एलरच्या मधला काल्मोंट, युरोपातला सगळ्यात उभा द्राक्षमळा म्हणतात, काही ठिकाणी उतार साठ अंशांहून जास्त. त्यातून तारा-शिड्या लावलेली वाट जाते. चांगले बूट, कोरडं हवामान आणि उंचीची भीती नसणे, ह्या तीन गोष्टी नसतील तर जाऊ नका. वरून मोझेलचं ते प्रसिद्ध वळण आणि पलीकडे श्टुबेन मठाचे अवशेष. सप्टेंबरमध्ये माथ्यावरून नुसतं बघितलं तरी पुरे, वर गाडीने जवळपर्यंत जाता येतं.

मोकळा_वेळ

बरं, दोन रात्री बुक करतो. हॉटेल कुठे? आणि लिफ्ट?

साखरभात

लिफ्टचं आधी विचार, फोनवर विचार, वेबसाइटवर विश्वास ठेवू नकोस. आमच्या हॉटेलच्या पेजवर लिफ्ट होती पण ती दुसऱ्या मजल्यापासून सुरू व्हायची, पहिले दोन जिने आपले आपण :( जुन्या गावात घरं तीनशे वर्षांची, दोष कोणाला देणार. कोंड बाजूला राहिलात तर इमारती नव्या, सपाट रस्ता, आणि बाल्कनीतून रात्री पिवळ्या दिव्यातला किल्ला समोर. पुलावरून चालत गावात पाच-सात मिनिटं. राहणाऱ्यांना त्या भागातली बस-ट्रेन फुकट असलेलं गेस्ट कार्ड काही ठिकाणी देतात, तेही विचार.

निळावंती

सप्टेंबर उत्तम. वाइन फेस्टिवलचे वीकेंड टाळा नाहीतर खोल्या मिळणार नाहीत, किंवा मुद्दाम धरा, आवडत असेल तर. बाइलश्टाइनला गेलात तर पडक्या किल्ल्याच्या मागच्या बाजूला थोडं वर जुनं ज्यू कब्रस्तान आहे, तिथपर्यंत फार कोणी येत नाही. खाली चर्चमध्ये काळी मॅडोना, म्हणजे मेरीची काळी मूर्ती, सतराव्या शतकातल्या तीस वर्षांच्या युद्धातल्या स्पॅनिश सैनिकांकडून आलेली म्हणतात.

एक दिवस जास्त असेल तर ट्रिअर करा, ट्रेनने तासाच्या आत. पोर्टा नीग्रा हा रोमन दरवाजा इसवी सन १७० च्या सुमाराचा, आणि कार्ल मार्क्सचं जन्मघर. किंवा उलट दिशेला आमच्या कोब्लेंझला या, जिथे मोझेल र्‍हाइनला मिळते. केबल कारने नदी ओलांडून एरेनब्राइटश्टाइन किल्ल्यावर, आईंनाही जमेल, सगळं सपाट आहे.

वर्‍हाडी_पाव्हणा

मी जाऊन आलो बावा मागच्या शनिवारी! बंकर पाह्यला, काकांचे आभार. एक प्रॉब्लेम झाला, मळेवाल्याच्या अंगणात फेडरवाइसर म्हणून अर्धवट आंबलेली नवी वाइन घेतली एक बाटली, रूममेटसाठी. टोपण नुसतं ठेवल्यासारखं होतं. आता हॉस्टेलात ठेवू कुठं?

निळावंती

फ्रीजमध्ये, आणि उभी!! आडवी करू नका, टोपण घट्ट करू नका, ती अजून आंबतेय, गॅस बाहेर पडायला टोपणाला भोक असतं. ट्रेनमध्ये बॅगेत कशी आणलीत?

वर्‍हाडी_पाव्हणा

आडवी.

निळावंती

:O

वर्‍हाडी_पाव्हणा

म्हणून तर विचारून राहिलो. लॅपटॉप वाचला, स्वेटर गेला. उरलेली अर्धी उभी ठेवली आता फ्रीजमधे. कांद्याचा तो केक खातात म्हणे सोबत, बिना स्पेकचा कुठं भेटन फ्रँकफर्टकडे?

साखरभात

त्स्विबेलकूखन. बेकरीत आधी विचारून घ्या, नाहीतर घरी करा, सोप्पाय, रेसिपी पाककृती विभागात टाकते उद्या.